अडीच दिवसांचं कोलकाता : अमळनेरच्या घरात आखलेल्या एका पहिल्या भेटीचा अभ्यास

नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वहीचं पान माझ्यापुढे सरकवलं, तेव्हा त्यावर सतरा ठिकाणं लिहिलेली होती. अक्षर फळ्यावरचं, गोल आणि सरळ ओळीत. वर लाल शाईत 'कोलकाता' आणि त्याखाली 'शनिवार दुपार ते सोमवार संध्याकाळ'. सतरा ठिकाणं आणि अडीच दिवस. मी काही बोलायच्या आत मायने स्वयंपाकघरातून सांगितलं, "माले गंगा देखनी शे, बाकीनं तुम्ही ठरावा."

हे प्रकरण मी मुद्दाम सविस्तर मांडते आहे, कारण आमच्या भागातल्या कितीतरी घरांत आता अशी पानं तयार होतात. मुलं नोकरीला लागलेली, आई-वडील निवृत्त, हातीपायी धड असेपर्यंत काहीतरी पाहून यावं अशी इच्छा. आजवर आम्ही खानदेशी माणसं गेलो ती बहुतेक आपलं माणूस असलेल्या ठिकाणी. सुरतेला उधना-लिंबायतला कुणीतरी चुलत-मावस असतंच, पुण्यात भाचा असतो, कल्याण-डोंबिवलीत आतेबहीण. स्टेशनवर घ्यायला कुणीतरी येतं, जेवायला घर असतं, आणि मुख्य म्हणजे "उद्या तिकडं जाऊ नका, बंद असतं" हे सांगणारं तोंड असतं. कोलकात्यात आमचं असं कुणीच नव्हतं. माझ्या मते अनोळखी शहराची खरी व्याख्या हीच. तिथली भाषा येत नाही किंवा रस्ते माहीत नाहीत हे नंतरचं. तिथं आपलं माणूस नाही, हे पहिलं.

म्हणून नियोजन करताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारत राहिले : तिथं आपली मावशी राहत असती, तर तिनं फोनवर काय काय सांगितलं असतं?

कोण, कशासाठी, काय अडचणी

नाना ६८ वर्षांचे. माध्यमिक शाळेत भूगोल आणि मराठी शिकवून निवृत्त झाले. माय ६३ वर्षांची, गळ्यात माळ, सखाराम महाराजांच्या यात्रेला न चुकता जाणारी. तिचे दोन्ही गुडघे दुखतात. सपाटीवर अर्धा तास चालते, पण जिना उतरताना कठडा धरावाच लागतो. दोघंच जाणार होते. मी जळगावला नोकरीला, डिसेंबरात मला रजा नव्हती. मी स्वतः कोलकाता पाहिलेलं नव्हतं, म्हणजे आखणारीही अनोळखी आणि जाणारेही अनोळखी.

नानांना कोलकात्याला का जायचं, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. अमळनेर हे साने गुरुजींचं गाव. गुरुजी इथल्या शाळेत शिकवत, छात्रालय सांभाळत. रवींद्रनाथांच्या विश्वभारतीवरून त्यांना आंतरभारतीची कल्पना सुचली : एका प्रांतातल्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, एकमेकांकडे जावं. नानांनी तीस वर्षं वर्गात हे सांगितलं आणि स्वतः मात्र कधी नागपूरच्या पलीकडे गेले नाहीत. त्यांना जोडासाँकोचं घर पाहायचं होतं, जिथं रवींद्रनाथ १८६१ मध्ये जन्मले आणि १९४१ मध्ये गेले. बाकीची सोळा ठिकाणं त्या एकाभोवती गोळा झालेली होती. हे मला त्यांना तीनदा विचारल्यावर कळलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा "सगळंच पाहू" असं उत्तर आलं.

मायचं उत्तर पहिल्याच दिवशी मिळालं होतं. म्हणून आमच्या कागदावर सर्वांत वर दोनच गोष्टी लिहिल्या गेल्या : नानांचं घर, मायची गंगा. या दोन झाल्या की प्रवास सार्थकी लागला, बाकी सगळं वरचं. असं आधी लिहून ठेवलं नसतं, तर पुढे काय काढायचं आणि काय ठेवायचं यावरून घरात वाद झाले असते.

पहिला आराखडा आणि त्यात काय चुकलं होतं

नानांचा पहिला आराखडा दिसायला व्यवस्थित होता. शनिवारी दुपारी साडेबाराला गाडी पोहोचणार, दोन वाजता खोलीवर, मग बाहेर पडून सातपर्यंत फिरायचं. रविवारी सकाळी सहाला उठून मेट्रोने दक्षिणेश्वर, तिथून नावेने पलीकडे बेलूर मठ, दुपारी कॉलेज स्ट्रीटची पुस्तकं. सोमवारी जोडासाँको, भारतीय संग्रहालय, व्हिक्टोरिया मेमोरियल, आणि रात्रीच्या मेलने परत.

वाचणाऱ्यापैकी कुणी कोलकात्यात राहिलं असेल, तर त्याला इथंच धस्स झालं असेल. सोमवारी ही तिन्ही बंद. जोडासाँकोचं संग्रहालय बंद, भारतीय संग्रहालय बंद, व्हिक्टोरियाची दालनं बंद. फक्त बाग उघडी. म्हणजे ज्या एका घरासाठी नाना दीड हजार किलोमीटर जाणार होते, त्याच्या दारातून परत यावं लागलं असतं. रविवारचंही तसंच. मेट्रो रविवारी उशिरा सुरू होते, सकाळी सहाला नाही. कॉलेज स्ट्रीटची बहुतेक दुकानं रविवारी बंद. बेलूर मठ दुपारी काही तास बंद असतो, दक्षिणेश्वरच्या मंदिराचे दरवाजेही दुपारी मिटतात.

यात नानांची चूक काढायची नाही. वेळापत्रक त्यांनी आपल्या गावावरून बेतलं होतं. आमच्याकडे बाजाराला सुट्टीचा वार असतो, पण देवळाला आणि पाहायच्या ठिकाणाला सुट्टी असते हे मनात येतच नाही. संग्रहालयं आपल्याकडे जवळ नाहीत. जी सवय नाही तिचा प्रश्न सुचत नाही.

दुसरी चूक मला जास्त शिकवून गेली, कारण तिचं उत्तर नानांच्याच विषयात होतं.

डिसेंबरात अमळनेरला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. नानांनी शनिवारी "सातपर्यंत फिरायचं" लिहिलं, ते संध्याकाळचा उजेड गृहीत धरून. मी फोनवर कोलकात्याची सूर्यास्ताची वेळ पाहिली तर पाचच्या आतली. मी म्हटलं, हे काहीतरी चुकीचं दाखवतंय. नाना क्षणभर गप्प राहिले, मग त्यांनी पेन घेतलं. अमळनेरचा रेखांश ७५ अंशांच्या किंचित पुढे. कोलकात्याचा ८८ च्या पुढे. फरक तेरा अंश. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. तेरा चोक बावन्न. भारताची प्रमाणवेळ ८२½ अंशांवरची, मिर्झापूरजवळची. आपण तिच्या पश्चिमेला, कोलकाता पूर्वेला. घड्याळ एकच, पण सूर्य तिथं बावन्न मिनिटं आधी मावळणार, आणि सकाळी तितकाच आधी उगवणार.

"हे मी दरवर्षी सहामाहीला विचारायचो," ते म्हणाले. पेन खाली ठेवून बराच वेळ त्या बावन्नकडे बघत राहिले.

या आकड्यानं आराखडा मुळापासून बदलला. आमच्या घरात दुपारी जेवून तासभर पडायचं आणि चारला चहा घेऊन बाहेर पडायचं, ही रीत. कोलकात्यात डिसेंबरात चारला बाहेर पडलं तर उजेडाचा पाऊण तास हाती राहतो. म्हणजे दिवस पुढे ढकलायचा नाही, अलीकडे ओढायचा. सकाळी सहाला तिथं उजाडलेलं असतं, तेव्हा माय तशीही उठलेली असते. पश्चिम भारतातून पूर्वेला हिवाळ्यात जाणाऱ्या कुणालाही मी आता हेच आधी सांगते. हॉटेल आणि तिकीट नंतर.

तिकीट

यावर फार लिहिण्यासारखं नाही, पण एक गोष्ट खरोखर उपयोगाची. रेल्वेत लोअर बर्थचा वेगळा कोटा असतो : साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीपुढच्या बायका यांच्यासाठी. पण तो एका तिकिटावर जास्तीत जास्त दोन प्रवासी असतील तरच लागतो. आधी आमचा भाचा सोबत जाणार होता आणि मी तिघांचं तिकीट एकत्र काढायला बसले होते. तसं केलं असतं तर मायला वरचा बर्थ यायची शक्यता होती. दोघांचं वेगळं काढलं, दोन्ही खालचे बर्थ मिळाले. भाच्याची परीक्षा मध्ये आली आणि तो गेलाच नाही, ती गोष्ट निराळी. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा मी त्याच दिवशी सकाळी बसून काढलं. सुरत मार्गावरची अहमदाबाद–हावडा गाडी आमच्याच गावावरून जाते, पण तिला वेटिंग होतं. म्हणून भुसावळहून दुपारची गाडी. भुसावळ ते हावडा सुमारे चोवीस तास.

राहायचं कुठं : सगळ्यात कठीण निर्णय

तीन पर्याय होते. हावडा स्टेशनजवळ, म्हणजे उतरलं की खोली. दक्षिणेला हाजरा भागात, जिथं महाराष्ट्र निवास आहे. मायचा ओढा तिकडं होता, कारण मराठी बोलणारं कुणी भेटेल. आणि तिसरा, मध्य कोलकाता, सेंट्रल मेट्रोच्या आसपास.

मी नकाशावर त्यांची ठिकाणं एकेक करून टिंबांनी मांडली, आणि मग लक्षात आलं की कोलकात्याची जुनी मेट्रो, १९८४ साली सुरू झालेली, देशातली पहिली, ती उत्तर-दक्षिण एका सरळ दोरीसारखी आहे आणि आमची जवळजवळ सगळी टिंबं त्या दोरीत ओवलेली आहेत. उत्तर टोकाला दक्षिणेश्वर. मग जोडासाँकोसाठी गिरीश पार्क. कॉलेज स्ट्रीटसाठी महात्मा गांधी रोड. मग सेंट्रल, चांदनी चौक, एस्प्लनेड. व्हिक्टोरियासाठी मैदान किंवा रवींद्र सदन. पुढे कालीघाट. एस्प्लनेडला दुसरी लाइन मिळते, ती हुगळी नदीच्या, म्हणजे गंगेच्याच एका फाट्याच्या, खालून हावड्याला जाते. मार्च २०२४ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. बसच्या पाट्या बंगालीत असतात, मेट्रोत मात्र नावं बंगालीसोबत हिंदीतही लिहिलेली असतात. नानांना वाचता येणार. ज्याला शहर माहीत नाही, त्यानं अख्खं शहर समजून घ्यायचं कारण नाही. एक दोरी समजली तरी पुरे.

मग दोरीच्या कुठल्या गाठीवर राहायचं? इथं मी शेवटच्या दिवसापासून मागे विचार केला. सोमवारी खोली दुपारी सोडायची आणि गाडी रात्रीची. मधले सहा-सात तास सामान कुठं? हाजऱ्याला राहिलं तर उत्तरेकडून परत दक्षिणेला जाऊन सामान उचलायचं आणि पुन्हा वर यायचं. हावड्याला राहिलं तर रोज दोनदा नदी ओलांडायची. सेंट्रलला राहिलं तर दक्षिणेश्वर आणि कॉलेज स्ट्रीट करून परतताना सामान वाटेतच, आणि तिथून हावडा जवळ. शिवाय दुपारी मायला खोलीवर येऊन तासभर पाय लांब करता येणार. मायची समजूत घालायला एक पूर्ण संध्याकाळ गेली. मराठी माणसांत राहण्याचा तिचा हट्ट मला आजही बरोबर वाटतो. तिला चार-पाच दिवस मिळाले असते तर मी हाजराच निवडलं असतं. छोट्या भेटीत मात्र राहायची जागा शेवटच्या दिवशीच्या सामानावरून ठरवावी, असं माझं मत बनलं आहे.

जेवणाचा प्रश्नही इथं सुटला. माय मासळीच्या वासानं जेवू शकत नाही. बडाबाजार भागात मारवाडी व्यापाऱ्यांच्या जुन्या शाकाहारी खाणावळी आहेत, त्यांना तिथं 'बासा' म्हणतात. आणि बंगालीत शाकाहारी जेवणाला 'निरामिष' म्हणतात. हा एक शब्द मी कागदावर ठळक लिहिला. व्हेज म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या मनात काय येईल सांगता येत नाही, निरामिष म्हटलं की प्रश्न उरत नाही.

कागद

शेवटी जो कागद तयार झाला तो एकाच बाजूला, मोठ्या अक्षरात. फोनवर सगळं असतं, पण नाना चष्मा काढून-घालून फोन बघतात तोवर स्टेशन निघून जातं. प्रत्येक दिवसाचे दोन भाग केले. प्रत्येक भागात एकच ठरलेली गोष्ट, तिच्याखाली 'जमलं तर' म्हणून एक, आणि 'बसायला' म्हणून एक जागा. ही तिसरी ओळ मायसाठी. कुठं बसता येईल हे आधी माहीत असलं की ती दुप्पट चालते.

सोमवारची बंद ठिकाणं रविवारी गेली, रविवारची बंद ठिकाणं सोमवारी आली :

शनिवारी नदी, बाकी काही नाही. रविवारी सकाळी जोडासाँको, दुपारी विश्रांती घेऊन तीनपर्यंत व्हिक्टोरिया. सोमवारी सकाळी दक्षिणेश्वर, दुपारी कॉलेज स्ट्रीट, मग सामान आणि हावडा.

सतरापैकी पाच राहिली. बेलूर मठ काढताना मायला वाईट वाटलं. भारतीय संग्रहालय काढताना नानांना त्याहून जास्त. १८१४ साली स्थापन झालेलं, देशातलं सर्वांत जुनं संग्रहालय, भरहुतच्या बौद्ध स्तूपाचे कठडे तिथं आहेत, आणि हे त्यांनी इतिहासाच्या तासाला पर्यायी शिक्षक म्हणून जाऊन शिकवलेलं. पण ते बसवायचं तर रविवारीच, आणि रविवारी दोन ठिकाणं आधीच होती. मी त्यांना विचारलं, जोडासाँकोला किती वेळ हवा? ते म्हणाले, "घाई नको." मग संग्रहालयावर त्यांनीच रेघ मारली.

कागदाच्या तळाशी एक 'तर' होतं : गाडी दोन तासांहून उशिरा पोहोचली, तर आधी खोलीवर जायचं नाही. हावडा स्टेशनच्या समोरच फेरीचा घाट आहे. सामानासकट बोटीनं नदी ओलांडायची, पलीकडे उतरून टॅक्सी करायची. यासाठी दोघांकडे खांद्यावर घेता येतील अशाच पिशव्या दिल्या, चाकांची बॅग नाही.

प्रत्यक्षात काय झालं

गाडी सव्वातीन तास उशिरा पोहोचली. तो 'तर' कामाला आला.

साडेचारच्या सुमारास नानांचा फोन आला, मागे बोटीच्या इंजिनाचा आवाज. मायला धक्क्यावरून बोटीत पाय टाकताना भीती वाटली होती, कारण पाण्यावर तरंगणारा तो फलाट हलतो. बोटीवरच्या एका पोऱ्यानं "आसुन मासिमा" म्हणत तिचा हात धरला. मासिमा म्हणजे मावशी. मला ते ऐकून फार बरं वाटलं. डोक्यावर हावडा पूल, १९४३ साली उघडलेला, नाव रवींद्र सेतू, आणि त्याच्यामागे सूर्य खाली गेलेला. खोलीवर जाऊन परत यायचं म्हटलं असतं तर अंधारच हाती लागला असता. दहा-बारा मिनिटांच्या त्या बोटीत मायचं अर्धं काम झालं होतं.

मग खोलीचा प्रसंग. मी हॉटेलला दोनदा फोन करून विचारलं होतं, "लिफ्ट आहे ना?" आहे म्हणाले, आणि होतीही. पण रस्त्यापासून लिफ्टपर्यंत चौदा पायऱ्या होत्या, अरुंद, कठडा नसलेल्या. अडीच दिवसांत माय त्या आठ वेळा चढली-उतरली आणि रविवारी रात्री तिच्या उजव्या गुडघ्याला सूज आली. ही चूक माझी. लिफ्ट आहे का, हा प्रश्नच अपुरा. 'रस्त्यावरून खोलीच्या दारापर्यंत एकूण पायऱ्या किती, आणि धरायला काही आहे का' असं विचारायला हवं होतं. कोलकात्याच्या जुन्या भागातल्या इमारती जुन्या आहेत, तिथं हे गृहीतच धरायला हवं.

रविवारी जोडासाँकोला नाना दोन तास होते. मी फोन केला तेव्हा त्यांनी उचलला नाही. नंतर त्यांनी जे सांगितलं त्यातलं मला एवढंच लिहावंसं वाटतं, की अंगणातल्या व्हरांड्याच्या हिरव्या झडपांसमोर ते बराच वेळ उभे राहिले आणि मायनं त्यांना एकदाही "चला" म्हटलं नाही.

व्हिक्टोरियाला मात्र आमचा अंदाज चुकला. डिसेंबरातला रविवार म्हणजे अख्खं कोलकाता उन्हात बसायला तिथं येतं. दालनांची रांग लांब होती. मकराण्याचा तो पांढरा संगमरवर, १९२१ साली लोकांसाठी खुली झालेली ती इमारत, त्यांनी बागेतूनच पाहिली. कागदावर 'बसायला : तळ्याकाठची बाकं' असं लिहिलेलं होतं, तिथं ते बसले आणि पाच वाजता अंधार पडला तसे उठले. नानांना दालनं चुकल्याचं फारसं वाटलं नाही. मला आखणारी म्हणून वाटलं. बंद वार मी पाहिले, गर्दीचे वार पाहिले नाहीत. मावशी असती तर तिनं हे नक्की सांगितलं असतं : हिवाळ्यातल्या रविवारी दुपारी तिकडं नको, सकाळी दहाला उघडताच जा. जोडासाँको दुपारी आणि व्हिक्टोरिया सकाळी, असा नुसता क्रम उलटा केला असता तरी भागलं असतं.

सोमवारची सकाळ सर्वांत चांगली गेली. दक्षिणेश्वरला मेट्रोतून उतरलं की मंदिरापर्यंत उंचावरून जाणारा झाकलेला पादचारी मार्ग आहे, सरकते जिने आहेत. सुजलेल्या गुडघ्यानं माय तिथं न थांबता गेली. राणी रासमणींनी १८५५ मध्ये बांधून घेतलेलं हे मंदिर, नऊ शिखरांचं, नदीकाठी ओळीनं बारा शिवमंदिरं. दर्शन झालं आणि माय घाटावर बसली, दोन तास. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी अजून शिल्लक होती, ती खाल्ली. आणि तिला एक दिसलं जे नानांना दिसलं नव्हतं. पाण्यावरून जलपर्णीचे पुंजके वाहत होते, आणि ते वरच्या अंगाला चालले होते. तिनं नानांना विचारलं, "हाई पाणी उलटं काब्रं जास?" माय चोपड्याकडची, तापीच्या काठी वाढलेली. तापीचं पाणी उन्हाळ्यात आटतं, पावसाळ्यात पूर येतो, पण ते मागे फिरलेलं तिनं कधी पाहिलेलं नाही. समुद्राची भरती हुगळीतून इतक्या आतपर्यंत येते आणि नदीला काही तास मागे ढकलते, हे नानांनी तिला सांगितलं. तासाभरानं जलपर्णी थांबली आणि मग हळूहळू दुसरीकडे वळली, तोवर ती तिथंच होती. कॉलेज स्ट्रीटसाठी ठेवलेल्या तीन तासांतला दीड तास इथं गेला. नानांनी तो दिला.

उरलेल्या दीड तासात त्यांनी पुस्तकांच्या टपऱ्यांच्या एकाच बाजूनं चालत बंगाली अक्षरओळखीचं लहान मुलांचं एक पुस्तक घेतलं. संध्याकाळी सामान उचललं. महात्मा गांधी रोडवरून टॅक्सीनं पूल ओलांडायचा मोह त्यांना झाला होता, पण सोमवारी संध्याकाळी त्या रस्त्यावर गाडी कितीही वेळ अडकू शकते, म्हणून कागदावर 'फक्त मेट्रो' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. एस्प्लनेडला गाडी बदलली आणि नदीखालून हावडा. ते स्थानक देशातल्या सर्वांत खोल मेट्रो स्थानकांपैकी एक. वर यायला सरकते जिने आहेत, लिफ्टही आहे. फलाटावर ते दीड तास आधी पोहोचले. मला तो दीड तास वाया गेलेला वाटत नाही. माय त्यात झोपली.

मंगळवारी रात्री मी भुसावळला त्यांना घ्यायला गेले. मायचा गुडघा बांधलेला होता. कागद नानांच्या सदऱ्याच्या खिशात होता, घडीवर फाटत आलेला. मागच्या कोऱ्या बाजूला खर्च लिहिलेला, चहापासून फेरीच्या तिकिटापर्यंत. पुढच्या बाजूला, रेघ मारलेल्या 'भारतीय संग्रहालय' या ओळीच्या शेजारी, त्यांच्या फळ्यावरच्या अक्षरात नवीन काहीतरी लिहिलं होतं : 'मंगळवार ते रविवार'.